यादीत नसलेलं औषध: ७६ वर्षांच्या एका बाईंचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका खऱ्या रुग्णाचं नाही. गांजाची उत्पादनं घेणाऱ्या वृद्धांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत जे प्रसंग पुन्हापुन्हा नोंदले जातात, त्यांतले तपशील एकत्र करून ते अभ्यासासाठी बेतलं आहे. घटना घडते तिथे प्रौढांना अशी उत्पादनं दुकानातून कायदेशीरपणे विकत घेता येतात, असं धरलं आहे. ज्या अभ्यासांचा उल्लेख येतो ते मात्र खरे आहेत.

कॅज्युअल्टीत

पहाटे सहाला मुलगी उठली तेव्हा आई बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेली होती. कपाळावर टेंगूळ, डोळे अर्धवट मिटलेले, आणि "खोलीत कोण येऊन बसलंय?" हा एकच प्रश्न पुन्हापुन्हा. आदल्या रात्री त्यांनी स्वतःच्या हाताने हिशेबाची वही लिहिली होती. सकाळी त्यांना वार सांगता येईना.

दाखल होताना नाडी १०८ आणि अनियमित. ताप नाही. आडवं असताना रक्तदाब १३२/७८, आधार देऊन उभं केल्यावर ९८/६०. तोंड कोरडं, डोळे लालसर. दोन्ही बाजूंचे हातपाय सारख्याच ताकदीने हलत होते, चेहरा वाकडा नव्हता, बोलणं अडखळत होतं पण शब्द सापडत होते. रक्तातली साखर, सोडियम, क्रिएटिनिन ठीक. ईसीजीत जुनंच एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन नॉर्मल.

जुने आजार चार: एट्रियल फिब्रिलेशन, उच्च रक्तदाब, दोन्ही गुडघ्यांची झीज, आणि नवरा गेल्यापासून उडालेली झोप. केसपेपरवर औषधंही चार: रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मेटोप्रोलॉल, ॲमलोडिपिन आणि रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. शिवाय "गरज पडल्यास पॅरासिटामॉल".

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सीटी स्कॅन करतात. तो झाला. रक्तस्राव नव्हता. पण आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा तपासणीतला आकडा, ४.६ आला. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो २ ते ३ च्या दरम्यान हवा असतो, आणि या बाईंचा पाच वर्षं तसाच राहिला होता.

पहिला अंदाज

लघवीच्या तपासणीत थोड्या पस सेल्स दिसल्या आणि निदान जमल्यासारखं झालं: वय ७६, अचानक गोंधळ, लघवीत इन्फेक्शन. अँटिबायोटिक लिहिलं गेलं. खाली एक ओळ: "सुरुवातीचा डिमेन्शिया? मेमरी क्लिनिकला पाठवणे."

हा अंदाज वेडगळ नव्हता. इन्फेक्शनमुळे वृद्धांना डेलिरियम होतो, म्हणजे काही तासांत चढणारा, कमीजास्त होत राहणारा गोंधळ. हे खरंच आहे. पण लघवीत पस सेल्स किंवा जंतू सापडणं हे त्या वयाच्या बायकांत इतकं सर्रास आहे, की जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही, अशा वेळी त्याला जबाबदार धरणं म्हणजे बहुतेकदा जवळ उभ्या असलेल्याला पकडून नेणं. शिवाय उभं राहिल्यावर ३४ अंकांनी पडणारा रक्तदाब, लाल डोळे, कोरडं तोंड आणि वर गेलेला आयएनआर, यांतलं काहीच त्या अंदाजात नीट बसत नव्हतं.

हाच रुग्ण २२ वर्षांचा असता तर लाल डोळे आणि वेगाने चालणारी नाडी बघून पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी "काय घेतलंस?" असं विचारलं असतं. तरुणात गांजा चढलेला दिसतो. म्हाताऱ्या माणसात तोच गांजा पडणं, भोवळ, सुस्ती, विसरणं अशा रूपांत येतो, आणि ही सगळी रूपं आपण आधीच म्हातारपणाच्या नावावर लिहून ठेवलेली असतात. या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो.

फार्मासिस्टचा प्रश्न

दुपारपर्यंत बाई बऱ्याच शुद्धीवर आल्या. वार सांगितला, मुलीला ओळखलं, खोलीत कुणी नाही हेही मान्य केलं. इन्फेक्शन मानलं तर अँटिबायोटिकच्या पहिल्याच डोसनंतर एवढा फरक पडणं जरा जास्तच झालं. तरी तो चमत्कार म्हणून खपून गेला असता. अडलं ते आयएनआरपाशी. वॉर्डच्या फार्मासिस्ट औषधांचा ताळा घेत होत्या. वॉरफरिनचा डोस वाढलेला नाही, गोळ्या मोजल्या तर बरोबर. मग ४.६ कसा?

आयएनआरच्या वहीत आणखी एक धागा मिळाला. दोन आठवड्यांपूर्वी आकडा ३.६ आला होता. तेव्हा क्लिनिकमध्ये पालेभाज्या, अँटिबायोटिक्स, दारू यांबद्दल विचारून, काही न सापडल्याने वॉरफरिन थोडं कमी केलं गेलं. डोस कमी करूनही आकडा चढला होता.

फार्मासिस्टने मुलीला चहा घेऊन यायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न जसाच्या तसा देण्याजोगा आहे:

"आजी, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी डॉक्टरांनी न लिहिलेलं काही घेता का? तेल, थेंब, मलम, चघळायची गोळी, ओढायचं काही? बरेच जण घेतात, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते."

"तेल घेते. पण ते औषध नव्हे, झाडपाल्याचं आहे."

"कसलं तेल?"

"सीबीडी. गुडघ्यासाठी. मैत्रिणीने सांगितलं." मग थोडं थांबून, दाराकडे बघत: "आणि झोपेला त्या गमीज. हिला सांगू नका."

सीबीडी हे गांजाच्या झाडातलंच एक द्रव्य, आणि गमीज म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या. "तुम्ही अमली पदार्थ घेता का?" असं विचारलं असतं तर उत्तर "नाही" आलं असतं, आणि ते खोटं नसतं. बाईंच्या लेखी त्या अमली पदार्थ घेतच नव्हत्या. आधीच्या क्लिनिकमध्ये "दुसरी काही औषधं?" या प्रश्नालाही त्यांनी प्रामाणिकपणे "नाही" म्हटलं होतं. दुकानात काउंटरवर मिळतं ते त्यांच्या हिशेबात औषध नव्हतं. प्रश्नात वस्तूंची नावं आली, "सगळ्यांनाच विचारते" आलं, आणि मुलगी खोलीत नव्हती, या तीन गोष्टींनी कुलूप उघडलं.

त्या संकोचामागे इतरही बरेच जण उभे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात गांजा घेतल्याचं सांगणाऱ्या ६५ वर्षांवरील लोकांचं प्रमाण २०१५ मध्ये २.४ टक्के होतं, ते २०१८ मध्ये ४.२ टक्के झालं. कॅलिफोर्नियात याच वयोगटाच्या गांजाशी संबंधित इमर्जन्सी भेटी २००५ मध्ये ३६६ होत्या, २०१९ मध्ये १२,१६७. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात खाण्याची उत्पादनं २०२० पासून दुकानांत आल्यानंतर वृद्धांच्या गांजा-विषबाधेच्या इमर्जन्सी भेटींचा दर कायदा बदलण्याआधीच्या तिपटीवर गेला. या वाढीत नोंद ठेवण्याचं वाढलेलं भानही आहे, हे धरूनसुद्धा आकडे लहान नाहीत.

त्या रात्री काय घडलं

मुलीने घरून दोन पाकिटं आणली. एकाच कंपनीची, एकाच चित्राची, फक्त कडेचा रंग वेगळा. जुन्या रिकाम्या पाकिटावर बारीक अक्षरात एका गमीत २.५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. नव्यावर १० मिलिग्रॅम. बाईंनी चष्मा लावून किंमत वाचली होती, मिलिग्रॅम नव्हे.

रात्री नऊला त्यांनी नेहमीप्रमाणे एक गमी चघळली. साडेदहापर्यंत झोप आली नाही, म्हणून दुसरी. म्हणजे सवयीच्या आठपट, २० मिलिग्रॅम. रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठल्या आणि पडल्या.

वेळांचं गणित तंतोतंत जुळतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-तीन तासांत उतरतो. खाल्लेला गांजा जाणवायलाच अर्धा ते दोन तास लागतात, शिखर दोन ते चार तासांनी येतं आणि परिणाम सहा-आठ तास, कधी त्याहूनही लांबतो. साडेदहाला "काहीच झालं नाही" असं वाटलं तेव्हा पहिली गमी अजून वाटेत होती. त्यात यकृतातून जाताना टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि ते स्वतःही तितकंच नशा आणणारं आहे. ओढण्यापेक्षा खाण्यात त्याचा वाटा मोठा. खाल्लेला गांजा सौम्य असतो ही समजूत नेमकी उलटी आहे.

वय वाढतं तसं शरीरातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचं प्रमाण वाढतं. टीएचसी चरबीत मुरतं आणि तिथून हळूहळू सुटतं. यकृतातला रक्तप्रवाहही मंदावतो. म्हणून तोच डोस जास्त काळ अंगात राहतो. टीएचसी मेंदूतल्या ज्या सीबी१ रिसेप्टरवर काम करतं, ते हिप्पोकॅम्पस आणि सेरेबेलममध्ये दाट आहेत, म्हणजे आठवण आणि तोल यांच्याच जागी. टीएचसीने नाडी वाढते, पण उभं राहताना रक्तदाब घसरतो. निरोगी माणसात हृदय ठोके वाढवून तो सावरतं. या बाईंच्या अंगात मेटोप्रोलॉल होतं, जे ठोक्यांना लगाम घालतं. ॲमलोडिपिन होतं, जे रक्तवाहिन्या सैल करतं. ॲमिट्रिप्टिलिन होतं, जे झोप आणतं, तोंड कोरडं करतं, उभं राहिल्यावरचा रक्तदाब पाडतं आणि वृद्धांत स्वतःच डेलिरियम घडवू शकतं. एकेका औषधाचा डोस माफक. पण मध्यरात्री, अंधारात, पलंगावरून उठताना हे सगळे एका बाजूला आणि बाई एकट्या दुसऱ्या बाजूला.

हृदयाला त्या रात्री काही झालं नाही, हे नशीब. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका ४.८ पट आढळला होता. २०१९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं प्रकरण तर ओढण्याचंही नव्हतं: हृदयविकार आटोक्यात असलेल्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांनी झोप आणि दुखणं यांसाठी ९० मिलिग्रॅम टीएचसीचा लॉलीपॉप बहुतेक संपवला आणि हार्ट अटॅक घेऊनच दाखल झाले. लहान मुलांच्या खाऊसारख्या दिसणाऱ्या वस्तूत एवढी मात्रा असेल असं त्या वयाच्या माणसाला का वाटावं?

तेलाचा हिशेब

पडणं आणि गोंधळ यांचं उत्तर गमीजनी दिलं. आयएनआरचं नाही. तो दोन आठवड्यांपूर्वीच चढू लागला होता.

तेलाची बाटली: ३० मिलिलिटर, १५०० मिलिग्रॅम सीबीडी, वर ठळक अक्षरांत "टीएचसी-मुक्त". बाई सकाळ-संध्याकाळ एकेक पूर्ण ड्रॉपर घेत होत्या, म्हणजे दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम, गेले दोन महिने. सीबीडीने नशा होत नाही, म्हणून लोक ते निरुपद्रवी मानतात. पण यकृतातली औषधं मोडणारी जी एन्झाइम्स आहेत, त्यांतल्या सीवायपी२सी९ आणि सीवायपी२सी१९ यांना ते अडवतं. वॉरफरिनचा जोरकस भाग मोडतो तो सीवायपी२सी९ मुळेच. ॲमिट्रिप्टिलिनचा निचरा काही अंशी सीवायपी२सी१९ वर अवलंबून. म्हणजे तेलाने एकाच वेळी रक्त अधिक पातळ केलं असणार आणि झोपेच्या गोळीचा जोर वाढवला असणार.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत वॉरफरिनवर असलेल्या रुग्णाला फिट्ससाठी सीबीडी सुरू केल्यावर वॉरफरिनचा डोस सुमारे ३० टक्क्यांनी उतरवावा लागला होता. इथे एक आक्षेप रास्त आहे. फिट्सच्या उपचारातले सीबीडीचे डोस दिवसाला कित्येक शे मिलिग्रॅमचे असतात. १०० मिलिग्रॅमने एवढी उडी? मला वाटतं, एकट्या तेलाने नाही. फार्मासिस्टने आणखी खोदल्यावर कळलं की "गरज पडल्यास" असलेलं पॅरासिटामॉल बाई गेल्या महिन्यात रोज सहा गोळ्या, म्हणजे तीन ग्रॅम घेत होत्या. पॅरासिटामॉल रोज या प्रमाणात घेतलं तर वॉरफरिनचा परिणाम वाढतो, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. सुस्तीमुळे जेवणही कमी झालं होतं, त्यामुळे वॉरफरिनच्या उलट काम करणारं व्हिटॅमिन के कमी. तेल हा मुख्य वाटेकरी, बाकी दोघांनी हातभार लावला, असा माझा कौल.

"टीएचसी-मुक्त" या शब्दांवरही फार भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरचं प्रमाण जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत बरोबर निघालं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. हे निष्कर्ष २०१७ चे. तेव्हापासून काही ठिकाणी नियम कडक झाले, सगळीकडे नाही.

लघवीची गांजाची चाचणी दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आली. ती करावी की नाही यावर टीममध्ये थोडा वाद झाला, आणि वाद करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही चाचणी टीएचसीचा निष्क्रिय अवशेष शोधते. नेहमी घेणाऱ्यात तो काही आठवडेही सापडतो. तो सापडला म्हणून आजचा गोंधळ गांजाचाच, असं सिद्ध होत नाही. बाईंनी स्वतः सांगितलेल्या वेळा आणि पाकिटावरचे मिलिग्रॅम यांचं वजन या चाचणीपेक्षा जास्त होतं. दुसरं म्हणजे, गांजा सापडला की मग सगळंच त्याच्या माथी मारून बाकीचा शोध थांबवण्याचा मोह होतो. लघवीच्या इन्फेक्शनबाबत जी गडबड झाली, तीच नव्या नावाने. या टीमने चोवीस तास डोक्याच्या मारावर लक्ष ठेवलं, दुसरा सीटी केला, ट्रोपोनिन पुन्हा पाहिलं. अँटिबायोटिक दुसऱ्या दिवशी थांबवलं. वॉरफरिनचे दोन डोस वगळले. रक्तस्राव नसल्याने व्हिटॅमिन के दिलं नाही. डोक्याला मार असताना ते द्यावं, असं म्हणणारे डॉक्टरही भेटतील.

बंद करा म्हणणं सोपं

मुलीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "डॉक्टर, आजच्या आज सगळं बंद."

बाईंचंही एकाच वाक्याचं होतं: "दोन वर्षांत पहिल्यांदा मला सलग पाच तास झोप लागली, त्याचं काय?"

त्यांच्या या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही. गुडघे दुखत होते आणि पर्याय तोकडे होते. वॉरफरिनमुळे पोटातून घ्यायची सूज-वेदनाशामक औषधं वर्ज्य. पॅरासिटामॉल पुरेना. ॲमिट्रिप्टिलिनने सकाळी डोकं जड. डॉक्टरांच्या भेटीत गुडघ्यांच्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट यायचं. अशा वेळी माणूस मैत्रिणीचं ऐकतो. मीही ऐकलं असतं.

पुराव्याबद्दल बोलायचं तर अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीजच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांच्या जुनाट दुखण्यात गांजाचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र दुखण्यासाठी गांजाजन्य औषधांचा सर्रास वापर करायला पाठिंबा दिला नाही. पुरावा अपुरा आणि सुरक्षिततेची हमी नाही, हे कारण. दोन्ही वाचून बाईंना प्रामाणिकपणे एवढंच सांगता येतं: काहींना थोडा आराम पडतो, तुमच्या वयाच्या आणि इतकी औषधं घेणाऱ्या लोकांवर प्रयोग फार कमी झालेत, आणि तुमच्या बाबतीत धोका आता आपण डोळ्यांनी पाहिला आहे.

"बंद" मध्येही एक खोच आहे, आणि ती डिस्चार्ज कार्डावर क्वचित लिहिली जाते. तेल चालू असताना वॉरफरिन कमी केलेलं होतं. आता तेल थांबवलं की अडवलेलं एन्झाइम मोकळं होणार, वॉरफरिन पटापट मोडलं जाणार, आयएनआर २ च्या खाली उतरणार. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये त्याचा अर्थ पक्षाघाताचा धोका. तेल बंद करणं हा औषधातला बदलच आहे, आणि तो आयएनआर तपासत तपासतच करायला हवा. गमीज रोज घेत असल्यास अचानक थांबवल्यावर चिडचिड, झोप उडणं, विचित्र स्वप्नं, भूक मंदावणं असा त्रास पहिल्या आठवड्यात होऊ शकतो, हेही आधी सांगितलेलं बरं. नाहीतर "बघा, गमीशिवाय झोपच येत नाही" असं म्हणून माणूस पाकीट पुन्हा उघडतो.

वॉरफरिन सोडून ॲपिक्सॅबानसारखी नवी गोळी द्यावी का, हा प्रश्न रेसिडेंटने काढला. झडपेचा आजार नसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तीच सहसा पसंत केली जाते, तेव्हा प्रश्न योग्यच. पण तिचा निचराही सीवायपी३ए४ हे एन्झाइम आणि औषध पेशीबाहेर ढकलणारं पी-ग्लायकोप्रोटीन यांच्यातून होतो, आणि सीबीडी त्यांच्याशी कितपत खेळतं याची स्पष्टता कमी आहे. शिवाय तिला आयएनआरसारखी नेहमीची तपासणी नाही. या प्रकरणात आयएनआरने घंटा वाजवली म्हणून कुणीतरी प्रश्न विचारला. नवी गोळी असती तर गोंधळ इन्फेक्शनच्या नावावर गेला असता, बाई मेमरी क्लिनिकला गेल्या असत्या आणि तेल चालूच राहिलं असतं.

शेवटी ठरलं ते असं. गमीज बंद. तेल बंद, वॉरफरिन पूर्वीच्या डोसवर टप्प्याने, आयएनआर पहिला महिना दर आठवड्याला. ॲमिट्रिप्टिलिन हळूहळू काढून टाकायचं, कारण या साखळीत त्याचाही हात होता. पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि रोज ठरल्याप्रमाणे, म्हणजे आयएनआर त्या हिशेबाने स्थिरावेल. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी आणि सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. झोपेसाठी गोळीऐवजी निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धती. यातलं शेवटचं कागदावर सोपं आणि मिळायला अवघड. बाईंना सहा आठवडे थांबावं लागलं.

पुढचे महिने

दहाव्या दिवशी आयएनआर १.७ आला, अपेक्षेप्रमाणे. डोस वाढवला, तिसऱ्या आठवड्यात २.४.

सहा आठवड्यांनी स्मरणशक्तीची मोका चाचणी झाली. ३० पैकी २७. या चाचणीत २६ आणि त्यापुढे नॉर्मल धरतात. डेलिरियम उतरल्या उतरल्या ही चाचणी घेतली तर आकडा फसवा येतो, म्हणून थांबणं महत्त्वाचं होतं. केसपेपरवरचा "डिमेन्शिया?" मात्र दोन वेगळ्या विभागांच्या नोंदींत उतरला होता आणि तो काढायला मुलीला तीन अर्ज द्यावे लागले. प्रश्नचिन्ह नोंद करताना पडतं, नक्कल होताना गळतं.

मुलीने विचारलं, "पण गांजाने डिमेन्शिया होतो असं वाचलंय, ते?" ओंटारिओमधल्या आकडेवारीवर आधारलेला आणि २०२५ मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो, की ज्या ४५ वर्षांवरील लोकांना गांजामुळे इमर्जन्सीत यावं लागलं किंवा दाखल व्हावं लागलं, त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत डिमेन्शियाचं निदान होण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त होतं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. डिमेन्शियाच्या आधीची अस्वस्थता आणि निद्रानाश यांमुळेच काही जण गांजाकडे वळले असतील, ही शक्यता तशीच उरते. डॉक्टरांनी मुलीला हेच सांगितलं आणि दर वर्षी चाचणी करायचं ठरलं.

इंजेक्शनचा आराम अडीच महिने टिकला. आता उजवा गुडघा बदलायचं चाललं आहे. भूलतज्ज्ञांच्या प्रश्नावलीत गांजाचा प्रश्न छापलेला होता. प्रादेशिक भूल आणि वेदना-उपचार यांवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकालाच हे विचारावं असं म्हटलं आहे: काय घेता, कोणत्या मार्गाने, किती, शेवटचं कधी. ओढल्यानंतर निदान दोन तास नियोजित शस्त्रक्रिया करू नये, आणि माणूस नशेत असेल तर ती पुढे ढकलावी, असंही त्यात आहे. नियमित घेणाऱ्यांना भूल जास्त लागू शकते आणि नंतरचं दुखणंही जास्त जाणवतं.

बाईंनी त्या रकान्यात लिहिलं: "गमी, २.५, आठवड्यातून एकदा, झोपताना." त्यांनी ती पुन्हा सुरू केली होती, ॲमिट्रिप्टिलिन पूर्ण बंद झाल्यानंतर, डॉक्टरांना सांगून. डॉक्टरांनी होकार दिला नव्हता. दुसरी गमी कधीच नाही, रात्री उठताना दिवा लावायचा, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उभं राहायचं, आणि तेलाला पुन्हा हात लावायचा असेल तर आधी फार्मासिस्टला फोन, एवढं मात्र लिहून दिलं होतं. मुलीला हे अजूनही पटलेलं नाही. पाकीट ती स्वतःच्या कपाटात ठेवते आणि आठवड्याला एकच गमी बाहेर काढते, पाकिटावरचे मिलिग्रॅम वाचून.